पोपड्याची खालची बाजू : घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांवरचं पावडर कोटिंग तपासताना

गळाला लावायची शिशाची वजनं माझा एक मित्र घरीच ओततो. या वेळी त्याने पहिल्यांदाच त्यांच्यावर पावडर कोटिंग केलं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर लावून ती ओव्हनमध्ये भाजली. एकूण ९६ नग, रंग निळा. दिसायला देखणी झाली होती. दोनदा पाण्यात जाऊन आल्यावर काहींचा रंग नखाने निघायला लागला, काहींचे पोपडे आपोआप सुटले, आणि काहींना मात्र काहीच झालं नाही. तो सगळा माल एका डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "पावडरच खराब निघाली. तू बघ एकदा."

मी बघितलं, आणि पहिल्या दिवशी मलाही त्याचंच म्हणणं पटलं. पावडर बरेच महिने उघड्या पिशवीत पडली होती, तिच्यात थोड्या गुठळ्याही होत्या. पण ९६ पैकी काही नग चांगले आणि काही वाईट निघत असतील, तर सगळ्यांना सारख्याच लागलेल्या पावडरीवर दोष टाकून भागत नाही. कुठेतरी दोन नगांमध्ये फरक पडला होता. तो शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि शेवटी कारण एक नव्हतंच.

शिशावर लेप का द्यायचा, हे आधी सांगायला हवं, कारण तपासणी किती कडक करायची ते त्यावर ठरतं. रंग हा त्यातला किरकोळ भाग. उघडं शिसं हाताला लागतं, हातातून तोंडात जातं. रक्तातल्या शिशाची अमुक पातळी सुरक्षित असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. दुसरी गोष्ट पक्ष्यांची. हंसासारखे पाणपक्षी दाणे दळण्यासाठी खडे गिळतात आणि तळाशी पडलेली लहान शिशं खडा समजून उचलतात. याच कारणासाठी इंग्लंडमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या गळाच्या शिशांच्या विक्रीवर बंदी आली. पक्ष्याच्या पोटात गेलेल्या शिशाचा लेप तिथल्या घर्षणात टिकत नाही, त्यामुळे लेप दिला म्हणजे शिसं निर्धोक झालं असं मानू नये. जिथे चालेल तिथे पोलाद किंवा टंगस्टन वापरावं, हे मी मित्राला तेव्हाही सांगितलं आणि अजूनही सांगतो. पण शिसंच वापरायचं असेल तर त्याचा लेप निदान हातात आणि पाण्यात सुटता कामा नये.

मालाची मांडणी

आधी त्याने काय काय केलं ते क्रमाने लिहून घेतलं. वजनं तीन मापांची : १५ ग्रॅमची ४८, ४० ग्रॅमची ३६ आणि १५० ग्रॅमची १२. प्रत्येकात स्टेनलेस तारेची कडी. पावडर पॉलिएस्टर. ती लावायची पद्धत साधी : तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा, त्यात पावडर, प्लास्टिकचे छोटे मणी आणि वजनं घालून मिनिटभर हलवायचं. घासण्याने विद्युतभार तयार होतो आणि पावडर धातूला चिकटते. मग चिमट्याने कडीला धरून नग बाहेर काढायचा, जाळीवर ठेवायचा आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायचा. हा ओव्हन फक्त याच कामाचा आहे, त्यात अन्न कधीच गेलेलं नाही आणि जाणारही नाही.

तीन घाणे झाले, प्रत्येकी ३२ नगांचे. पहिल्या घाण्यात ओव्हनची चकती २०० वर होती, वेळ २० मिनिटं. दार उघडलं तर ४० ग्रॅमची पाच वजनं खाली बसली होती, मेणासारखी. घाबरून त्याने पुढचे दोन्ही घाणे १७० वर भाजले, वेळ तीच २० मिनिटं.

ती पाच वजनं वितळली कशी? शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, २०० ला त्याला काही व्हायला नको. पण घरी ओतणाऱ्याचं शिसं शुद्ध नसतं. गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं, पत्रे, पाइप आणि डाग द्यायच्या सोल्डरचे तुकडे, सगळं एकाच भांड्यात जातं. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. ६३ टक्के कथील असलेलं सोल्डर १८३ अंशांनाच पाणी होतं. मिश्रणात कथील साधारण १९ टक्क्यांच्या वर गेलं की उरलेला धातू घट्ट असला तरी १८३ ला वितळणारा भाग त्यात असतोच, आणि घाईने थंड झालेल्या ओतकामात तो याहून कमी कथिलातही सापडतो. मित्राला विचारल्यावर त्याला आठवलं, एका भांड्यात त्याने सोल्डरचं अख्खं वेटोळं टाकलं होतं. अँटिमनी, म्हणजे शिसं कडक करायला त्यात मिसळतात तो धातू, असलेल्या शिशाची ही भीती कमी. शिसं आणि अँटिमनीचं सगळ्यात लवकर वितळणारं मिश्रणसुद्धा २५२ अंशांना वितळतं. शिसं, अँटिमनी आणि कथील तिघं एकत्र आले तर मात्र हा आकडा २४० च्या आसपास येतो.

म्हणजे एका भांड्यातल्या पाच नगांमुळे बाकीच्या ६४ नगांचं तापमान ३० अंशांनी खाली आलं होतं. इथेच माझा पहिला संशय धरला गेला. पावडरीच्या पिशवीवर लिहिलं होतं : २०० अंशांना १० मिनिटं किंवा १८० अंशांना २० मिनिटं. हे आकडे धातूच्या तापमानाचे असतात. चकतीवरचे नाहीत, ओव्हनमधल्या हवेचेही नाहीत. घरी काम करणारे बहुतेक जण इथे चुकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पिशवीवर ते बारीक अक्षरात असतं.

पावडर निर्दोष

काहीही फोडण्याआधी पावडरीचा निकाल लावला. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी डिटर्जंटने धुतली, ॲसिटोनने पुसली, तीच पावडर गाळून तिच्यावर लावली आणि पट्टी २०० अंशांना, पट्टीला चिकटवलेला तापमापक बघत, १० मिनिटं भाजली. थंड झाल्यावर ती पेन्सिलीभोवती वाकवली. बाकावर एकही तडा नाही. ॲसिटोनच्या बोळ्याने पन्नास वेळा घासली, बोळा पांढराच राहिला. गुठळ्यांमुळे पृष्ठभाग जरा खरखरीत आला होता, एवढंच. पावडर ठीक होती. अशी एक खात्रीची पट्टी हाताशी नसेल तर पुढच्या प्रत्येक चाचणीत "हे पावडरीमुळे तर नसेल?" हा प्रश्न पाठ सोडत नाही.

ॲसिटोनचा बोळा

ही चाचणी लेप पक्का झाला आहे की कच्चा राहिला आहे, ते सांगते. पावडर ओव्हनमध्ये आधी वितळते, पसरते, चकचकीत होते, आणि त्यानंतर तिच्यातले रेणू एकमेकांत गुंफले जातात. चकाकी पहिल्याच टप्प्यात येते. गुंफण नंतर होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कच्चा लेपही छान दिसतो. गुंफण झालेली नसेल तर ॲसिटोन त्याला विरघळवतं.

कारखान्यात यासाठी मिथाइल इथाइल कीटोन वापरतात, घरी ॲसिटोन चालतं. बोळा भिजवायचा, बोटाने बेताचा दाब द्यायचा, एकाच जागी पुढे-मागे पन्नास फेऱ्या. सुरुवातीला नग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर वर बसलेली सुटी पावडर बोळ्याला लागते आणि चांगला नग नापास होतो. आणि निकाल वाचताना घाई करू नये. पक्का पॉलिएस्टरसुद्धा ॲसिटोनने थोडा मऊ पडतो आणि क्षणभर मंद दिसतो. अर्धा तास थांबावं, मग नखाने बघावं. तेव्हा तो परत कडक झाला असेल तर पास.

एक गोष्ट ठासून सांगतो. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेते. ओव्हन बंद आणि थंड असताना, खिडकी उघडून, वाटीत थोडंसंच घेऊन हे काम करावं. साध्या निळ्या नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन लवकर आरपार जातं, ते लगेच बदलावे लागतात.

प्रत्येक घाण्यातले चार नग घेतले. पहिल्या घाण्यातले दोन लहान साफ पास झाले. दोन मध्यम नगांनी बोळ्यावर फिकट निळी छटा दिली आणि अर्ध्या तासाने नखाची अगदी पुसट खूण घेतली. काठावरचे. दुसऱ्या घाण्यातल्या चारही लहान नगांचा रंग विसाव्या फेरीच्या आत बोळ्यावर आला. तिसऱ्या घाण्यातल्या १५० ग्रॅमच्या नगांवर बाराव्या फेरीला खालचं शिसं दिसलं.

यात मला एवढं समाधान वाटलं की मी जवळजवळ तिथेच थांबलो होतो. १७० वर भाजलेला माल कच्चा, परत भाजा, काम संपलं. पण मित्राच्या डब्यात पहिल्या घाण्यातलेही काही नग सोललेले होते, आणि ते तर ॲसिटोनला टिकत होते. ते का सोलले, हे बोळा सांगू शकत नव्हता. लेप आतून किती गुंफलेला आहे ते बोळ्याला कळतं, तो खालच्या धातूला धरून आहे का ते कळत नाही.

हातोडी

लेपाची पकड मोजायची नेहमीची रीत म्हणजे आडव्याउभ्या सहा-सहा रेघा पात्याने कापायच्या, चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. पंचवीस चौकोनांपैकी किती निघाले ते बघून शून्य ते पाच असा दर्जा देतात. शून्य म्हणजे एकही कडा उचललेली नाही. सपाट पत्र्यावर ही रीत उत्तम. बोराएवढ्या गोल वजनावर पातं सरळ चालत नाही आणि पट्टी नीट बसत नाही. शिवाय शिसं इतकं मऊ की पातं त्यातच रुततं.

शिशाचा हा मऊपणाच इथे उपयोगी पडतो. नग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पोलादी ठोकळ्यावर ठेवायचा, आणि हातोडीने उंची निम्मी होईपर्यंत ठोकायचा. शिसं पसरतं, लेपालाही त्याच्याबरोबर ताणावं लागतं. चांगला लेप ताणला जातो, कडेला फार तर बारीक भेगा पडतात, पण तो शिसं सोडत नाही. पिशवी यासाठी की तुकडे आणि शिशाचा कण बाहेर उडायला नको.

बारा नग ठोकले. पहिल्या घाण्यातले तीन छान पसरले, चौथ्याचा लेप मात्र पत्र्यासारखा उडाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या घाण्यातले आठही तडकले. तुकड्यांची पिशवी मी टाकून देणार होतो. दिव्याखाली धरल्यावर दिसलं की आठ नग दोन वेगळ्या तऱ्हांनी तडकले होते. चार नगांचा लेप काचेसारखा फुटून त्याची जाळी झाली होती, पण जाळीतला प्रत्येक तुकडा शिशाला धरून होता, खरवडावा लागत होता. उरलेल्या चारांचा लेप तुकड्यातुकड्याने पूर्ण सुटला होता, आणि सुटलेल्या पोपड्याची खालची बाजू पांढुरकी होती. पहिल्या घाण्यातल्या त्या एकाच नापास नगाचा पोपडा उलटा केला. तोही पांढुरका.

मी या कामात पडल्यापासून पोपडे वरून बघत आलो होतो. उलटे करून बघायचं सुचलं नव्हतं. लेप स्वतः ठिसूळ असेल तर तो फुटतो आणि चिकटून राहतो. पकड नसेल तर तो अखंड सुटतो, आणि त्याच्या पाठीवर काय लागलं आहे तेच कारण असतं. पहिल्या प्रकाराचा दोष ओव्हनमध्ये शोधायचा, दुसऱ्याचा ओव्हनच्या आधी.

पांढरा थर आणि सफेदा

हे पाच नग एकत्र ठेवून बघताना आणखी एक गोष्ट दिसली. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर ओतकामात जी शिवण उमटते, ती या पाचांवर रुंद होती, बाकीच्या सातांवर बारीक. मित्राला विचारलं. रुंद शिवण जुन्या साच्याची. गेल्या हंगामात ओतून ठेवलेली ३० वजनं त्याने या मालात मिसळली होती, काही १५ ग्रॅमची, काही ४० ची. लेपाखालूनही शिवण बोटाला कळत होती, त्यामुळे डब्यातले जुने नग वेगळे काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या घाण्यात आठ, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात बारा.

"जुनी काळवंडली होती," तो म्हणाला, "म्हणून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. एकदम चकचकीत झाली."

"मग धुतलीस?"

"पाण्यातून काढली आणि पुसली."

व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक आम्ल. शिशावरचा काळपट थर, म्हणजे ऑक्साइड आणि कार्बोनेट, ते विरघळवतं, हे खरं. पण विरघळून जे तयार होतं ते लेड ॲसिटेट. ते पाण्यात सहज मिसळतं, चवीला गोड असतं आणि चांगलंच विषारी असतं. नीट न धुता नग वाळला की हा क्षार पृष्ठभागावर आणि शिवणीच्या खाचेत बसून राहतो. तो आपल्याबरोबर स्फटिकातलं पाणी बांधून ठेवतो आणि ओव्हनमध्ये तापला की ते सोडतो. वितळलेल्या पावडरीखालून वाफ निघाल्यावर बारीक फोड येतात. जे नग लेप देण्याआधी काही दिवस हवेत राहिले, त्यांच्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून पांढरी भुकटी तयार होते.

या भुकटीला आपल्याकडे नाव आहे : सफेदा. जुन्या काळी रंगवाले जो सफेदा वापरत तो हाच, शिशाचं क्षारकीय कार्बोनेट. तो बनवायची जुनी पद्धतही हीच होती, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत आणि उबेत आठवडेच्या आठवडे ठेवायच्या आणि वर आलेली पांढरी पापडी खरवडायची. मित्राने नकळत तेच केलं होतं आणि त्यावर निळा लेप चढवला होता. भुकटीवर भिंतीचा रंग टिकत नाही, तसा हाही टिकला नाही.

खात्रीसाठी पाण्याची चाचणी केली. कोरडी पकड आणि ओली पकड वेगळी असते. पाणी लेपातून हळूहळू झिरपतं, आणि खाली विरघळणारा क्षार असेल तर ते तिथे ओढलं जातं. पाण्यात दोनदा जाऊन आल्यावरच पोपडे सुटायला लागले होते, त्याचं कारण हेच. पहिल्याच घाण्यातले, म्हणजे भाजण्यात दोष नसलेले, तीन जुने आणि तीन नवे लहान नग वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात तासभर उकळले, पुसले, पात्याने एक फुली मारली आणि चिकटपट्टी ओढली. नव्या तिघांवरून काही आलं नाही. जुन्या तिघांचा लेप पट्टीबरोबर सालीसारखा निघाला. एकाच ओव्हनमधले, एकाच वेळचे, एकाच पावडरीचे सहा नग, फरक फक्त व्हिनेगरचा. यापेक्षा स्पष्ट उत्तर मला नको होतं.

ओव्हनचं खरं तापमान

आता कच्चेपणाचा हिशेब. १५० ग्रॅमच्या एका वजनाला मध्यापर्यंत भोक पाडून त्यात तापमापकाची बारीक तार घट्ट बसवली. दुसरी तार १५ ग्रॅमच्या नगावर, तिसरी हवेत. चकती १७० वर, जाळी भरलेली. हवा १६० ते १७८ च्या मध्ये वर-खाली होत राहिली. लहान नग बाराव्या मिनिटाला १६५ ला पोचला आणि तिथेच राहिला. मोठा विसाव्या मिनिटाला १५० ला होता. म्हणजे या दोन घाण्यांतला एकही नग १८० ला पोचलाच नव्हता, आणि मोठ्यांची तर नुसती चकाकी आली होती.

चकती २०० वर ठेवून परत बघितलं. लहान नग नवव्या मिनिटाला १८० ला, ४० ग्रॅमचा तेराव्या, १५० ग्रॅमचा एकोणिसाव्या. शिसं ग्रॅममागे फार थोडी उष्णता घेतं, ॲल्युमिनियमच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढी, म्हणून ते पटकन तापेल असं वाटतं. पण उष्णता आत जाते पृष्ठभागातून, आणि दहापट वजनाच्या गोळ्याचा पृष्ठभाग दहापट नसतो, पाचपटीच्या खालीच राहतो. मोठा नग दुप्पट वेळ घेणारच. पहिल्या घाण्यातले मध्यम नग बोळ्यावर फिकट छटा का देत होते, तेही यातून उलगडलं. त्यांना १८० च्या वर जेमतेम सात मिनिटं मिळाली होती. वेगवेगळ्या मापांची वजनं एकाच जाळीवर भाजू नयेत, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

दुरुस्ती

कच्चा राहिलेला लेप परत भाजता येतो, ही या सगळ्यातली आनंदाची बातमी. गुंफण अर्धवट असेल तर ती उष्णता मिळाल्यावर पुढे चालू होते. अट एवढीच की खालचा धातू स्वच्छ असावा. चाचण्यांत गेलेले सोडून नव्या साच्याचे ४२ कच्चे किंवा काठावरचे नग होते. ते जाळीवर न ठेवता कडीतून तार ओवून टांगले, कारण जाळीला टेकलेल्या जागी लेप उघडा पडतो. माप वेगळं, घाणा वेगळा. घड्याळ धातू १८० ला पोचल्यावर लावायचं आणि मग २० मिनिटं. त्याआधी प्रत्येक भांड्याच्या शिशाचा एक कोरा नग २०५ अंशांना अर्धा तास टांगून बघितला, वितळणारा आणखी कोणी आहे का ते कळावं म्हणून. नव्हता. भाजल्यावर प्रत्येक घाण्यातले दोन नग बोळ्याला आणि हातोडीला दिले. सगळे पास झाले.

जुने २२ उरले होते. त्यांचा लेप वाचवण्यात अर्थ नव्हता. उकळून, ओले असतानाच बोटांनी सोलले. ओलं ठेवायचं कारण धूळ. शिशाची आणि सफेद्याची धूळ श्वासात जाणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून कोरडा पॉलिश पेपर शिशावर कधीच फिरवू नये. सोललेलं सगळं आणि ते पाणी बंद डब्यात ठेवून घातक कचऱ्यात दिलं, मोरीत ओतलं नाही. नग साबणाच्या पाण्यात बुडवून नायलॉनच्या घासणीने घासले, गरम पाण्याने चार वेळा धुतले, वाळवले आणि परत ओतायला दिले. मी त्यांच्यावर थेट लेप देऊ शकलो असतो. पण खाचांतला क्षार पूर्ण गेला याची खात्री मला नव्हती, आणि शिसं परत ओतणं सोपं आहे. ताजं ओतलेलं वजन हातमोजे घालून हाताळलं, साबणाने धुतलं आणि त्याच दिवशी लेप दिला तर दुसऱ्या कुठल्याही सफाईची गरज पडत नाही.

परत लेप देताना जाडीही बघितली. लोहचुंबकावर चालणारं जाडी मोजायचं यंत्र शिशावर काम करत नाही. ॲल्युमिनियमसाठी जुळवलेलं दुसऱ्या प्रकारचं यंत्र त्याच शिशाच्या कोऱ्या नगावर शून्य करून घ्यावं लागतं, आणि गोलाव्यावर तेही फसतं. मी वजन केलं. ४० ग्रॅमच्या गोळ्याचा पृष्ठभाग साधारण ११ चौरस सेंटिमीटर भरतो. तेच दहा नग लेपाआधी आणि भाजल्यानंतर तोलले, ०.९ ग्रॅम वाढ. पक्क्या लेपाची घनता दीडच्या आसपास धरली तर जाडी ५४ मायक्रॉन. साठ ते ऐंशी मिळाली असती तर मला जास्त आवडलं असतं. त्या दिवशी हवेत ओल होती आणि ओल्या हवेत डब्यातली पावडर भार धरत नाही. दुसरा हात द्यायचा विचार केला आणि सोडून दिला.

बारीक छिद्रांसाठी मिठाचं पाणी वापरलं, लिटरला ५० ग्रॅम मीठ आणि साबणाचे दोन थेंब. मल्टिमीटरचं एक टोक नगाच्या कडीला, दुसरं पाण्यात, आणि नग कडीच्या मानेपर्यंत बुडवायचा. लेप अखंड असेल तर मीटर काही दाखवत नाही. छिद्र असेल तर काटा हलतो किंवा आकडे येतात. किती ओहम आले याला महत्त्व नाही, आले की नाही एवढंच बघायचं. चाळीस नगांत तीन सापडले, तिघांचंही छिद्र ओतकामाचं तोंड तोडलं होतं तिथल्या खळग्यात.

मान मात्र पाण्यात बुडवली की जवळजवळ प्रत्येक नगावर मीटर हलतो. तिथे तार शिशातून बाहेर येते, दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहते आणि पावडर ती भरत नाही. शिसं आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकत्र असले की झिजतं ते शिसं. सहा नगांच्या मानेवर इपॉक्सीचा थेंब लावून आणि सहा तसेच ठेवून मी बारा नग मिठाच्या पाण्याच्या बरणीत सोडले आहेत. तीन आठवडे झाले. तसेच ठेवलेल्या सहांपैकी चारांच्या मानेभोवती पांढरं कडं धरलं आहे. थेंब लावलेल्यांपैकी एकावर काल तसंच कडं दिसायला लागलं, थेंबाच्या खालच्या कडेपासून.